कंटेनरचे लॉग मध्यवर्ती सर्व्हरवर पाठवताना

पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष पॅकहाउसमध्ये वजनकाटा, लेबल छपाई आणि शीतगृहाच्या नोंदी सांभाळणारे सॉफ्टवेअर एका लहान संगणकावर डॉकरच्या कंटेनरांत (प्रत्येक प्रोग्राम वेगळा ठेवून चालवणाऱ्या बंदिस्त खोक्यांत) चालते आणि त्याची देखभाल आम्ही नाशिकमधील अंबडच्या कार्यालयातून करतो. दोन हंगामांपूर्वी भर फेब्रुवारीत रात्री लेबल छापणे बंद पडले, तेव्हा तिथल्या सहकाऱ्याने जुना कंटेनर काढून नवा उभा केला. काम सुरू झाले. पण सकाळी कारण शोधायला बसलो तेव्हा हाती काहीच लागले नाही. डॉकरचा मूळचा जेसन-फाइल हा लॉग-ड्रायव्हर (लॉग कुठे जायचा ते ठरवणारा भाग) प्रत्येक कंटेनरचा लॉग, म्हणजे प्रोग्रामने लिहिलेल्या घडामोडींच्या नोंदी, त्या कंटेनरच्याच फोल्डरमध्ये ठेवतो, त्यामुळे कंटेनर काढला की लॉगही पुसला जातो. त्यानंतर आम्ही सर्व लॉग अंबडच्या सर्व्हरवर आणले. दोन्ही टोकांना लिनक्स आणि आरसिसलॉग (लॉग गोळा करून पुढे पाठवणारा प्रोग्राम) आहे असे धरून ती मांडणी येथे देत आहे.

सुरुवात सॉफ्टवेअरपासून करावी. लॉग कंटेनरच्या आतील फाइलमध्ये लिहिला जात असेल, तर डॉकरला तो दिसत नाही. तो स्टँडर्ड आउटपुट व स्टँडर्ड एरर या प्रोग्रामचा मजकूर बाहेर पडण्याच्या ठरलेल्या वाटांवरच आला पाहिजे. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या अधिकृत इमेजमध्ये (कंटेनरच्या तयार साच्यात) ही सोय आधीच केलेली असते. पायथॉनमध्ये मात्र ओळी बफरमध्ये, म्हणजे मेमरीतील तात्पुरत्या साठ्यात, अडकून उशिरा बाहेर पडतात, म्हणून पायथॉन-अनबफर्ड हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ ठेवावे. एखादी त्रुटी वीस ओळींत छापली गेली, तर सर्व्हरवर तिच्या वीस वेगळ्या नोंदी होतात आणि दुसऱ्या कंटेनरच्या ओळी त्यांत मिसळतात. त्यामुळे प्रत्येक घटना एका ओळीतील जेसनच्या (नाव-मूल्य जोड्यांच्या मजकुराच्या) रूपात लिहिणे उत्तम.

अंबडच्या सर्व्हरवर आरसिसलॉगचे टीसीपीवर (पोहोच मिळवत डेटा पाठवण्याच्या पद्धतीवर) ऐकणारे मॉड्यूल सुरू करावे, पोर्ट ५१४ ठेवावे आणि फायरवॉलमध्ये ते केवळ पॅकहाउसच्या पत्त्यापुरते उघडावे. लॉग इंटरनेटवरून जाणार असतील, तर टीएलएस (कूटबद्ध जोडणी) व पोर्ट ६५१४ वापरावे किंवा दोन्ही ठिकाणे व्हीपीएनने जोडावीत. या ओळींत शेतकऱ्यांची नावे आणि वजने असतात, ती उघड्या वाटेने पाठवणे मला मान्य नाही. आलेला लॉग यंत्राचे नाव आणि कंटेनरचे नाव यांनुसार वेगवेगळ्या फाइलींत ठेवण्याचा साचा तेथेच लिहावा.

सर्वाधिक विचार मधल्या वाटेचा करावा लागतो. डॉकरच्या सिसलॉग ड्रायव्हरला (लॉग सिसलॉग या प्रचलित स्वरूपात दुसरीकडे पाठवणाऱ्या ड्रायव्हरला) थेट अंबडचा पत्ता देणे सोपे दिसते, पण ते करू नये. टीसीपी निवडला आणि कंटेनर सुरू होताना सर्व्हरशी संपर्क झाला नाही, तर कंटेनर सुरूच होत नाही, म्हणजे अंबडची लाइन गेली म्हणून पिंपळगावचा काटा थांबतो. यूडीपी (पोहोच न पाहता पाठवणारी पद्धत) निवडला तर काटा चालतो, पण लाइन बंद असेपर्यंतच्या नोंदी कोणतीही सूचना न देता हरवतात. म्हणून पॅकहाउसच्या संगणकावरच दुसरा आरसिसलॉग ठेवावा, डॉकरने त्याच्याकडे १२७.०.०.१ या, म्हणजे त्याच संगणकाच्या, पत्त्यावर टीसीपीने लॉग द्यावा आणि पुढे पाठवण्याची जबाबदारी त्याने घ्यावी. संगणक सुरू होताना आरसिसलॉग आधी आणि डॉकर नंतर उठेल, असा क्रम सिस्टिमडीमध्ये (लिनक्समध्ये सेवा सुरू करणाऱ्या प्रणालीत) लावावा.

या स्थानिक आरसिसलॉगमध्ये पुढे पाठवण्याच्या कृतीला स्वतःची रांग द्यावी. रांगेचा प्रकार लिंक्डलिस्ट ठेवून तिला फाइलचे नाव दिले, की मेमरी भरल्यावर ती डिस्कवर उतरते. डिस्कवरील जागेची कमाल मर्यादा ठरवावी, बंद होताना रांग जतन करण्याचा पर्याय चालू करावा आणि पुन्हा प्रयत्न करण्याची संख्या उणे १ ठेवावी, म्हणजे संपर्क येईपर्यंत प्रयत्न चालू राहतात. वीज अचानक गेली, तर मेमरीतील नोंदी तरीही जातात. म्हणून संगणकाला यूपीएस हवाच. पाठवण्याचा साचाही बदलावा, कारण मूळच्या पारंपरिक साच्यातील वेळेत वर्ष आणि टाइमझोन दोन्ही नसतात. २००९ च्या आरएफसी ५४२४ या सिसलॉगच्या मानकाप्रमाणे लिहिलेल्या वेळेत ते असतात.

आता डॉकरची डीमन डॉट जेसन ही मांडणीची फाइल उघडावी. लॉग-ड्रायव्हर सिसलॉग, पत्ता वर सांगितलेला आणि स्वरूप आरएफसी ५४२४ असे लिहावे. टॅग (नोंदीवरील ओळखनाव) न दिल्यास कंटेनरच्या आयडीची पहिली बारा अक्षरे जातात आणि कंटेनर नवा केला की ती बदलतात. त्यामुळे टॅगमध्ये कंटेनरचे नाव येईल असा साचा द्यावा. टॅगमध्ये तिरकी रेघ टाळावी, कारण आरसिसलॉग सहसा प्रोग्रामचे नाव तेथेच तोडतो. मोड नॉन-ब्लॉकिंग (लॉग अडला तरी कंटेनर न थांबवणारा) ठेवावा आणि बफर मूळच्या १ एमबीवरून ४ एमबी करावा. बफर भरल्यास काही ओळी गळतील, तरीही लॉगपायी पॅकिंग अडण्यापेक्षा ते परवडते, असे माझे मत आहे. या पर्यायांची मूल्ये, आकडे असले तरी, अवतरणचिन्हांतच लिहावी लागतात. त्यानंतर डॉकर पुन्हा सुरू करावे आणि सर्व कंटेनर नव्याने तयार करावेत. जुन्या कंटेनरांना नवा ड्रायव्हर आपोआप लागू होत नाही. डॉकर २०.१० पासून सिसलॉग ड्रायव्हर असतानाही स्थानिक प्रत राहते, त्यामुळे डॉकर लॉग्ज ही आज्ञा पॅकहाउसमध्ये पूर्वीप्रमाणे चालते.

दोन्ही यंत्रांची घड्याळे एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ मिळवण्याच्या पद्धतीने) जुळवावीत. कंटेनर बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतात, म्हणून सॉफ्टवेअरने ओळीत स्वतः लिहिलेली वेळ आपल्या वेळेपेक्षा साडेपाच तास मागे दिसू शकते. शोधताना सिसलॉगची वेळ प्रमाण मानावी. लॉग किती दिवस ठेवायचे हे लॉगरोटेटमध्ये (जुने लॉग वेळेवर हटवणाऱ्या साधनात) ठरवताना सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेचे एप्रिल २०२२ चे निर्देश पाहावेत. त्यांत १८० दिवसांचे लॉग सुरक्षित ठेवण्यास सांगितले आहे.

शेवटी चाचणी घ्यावी. दर सेकंदाला वाढता क्रमांक छापणारा एक कंटेनर चालू करावा, पॅकहाउसच्या राउटरची केबल पंधरा मिनिटे काढून ठेवावी आणि पुन्हा जोडावी. थोड्या वेळाने अंबडच्या फाइलमध्ये मधले साधारण नऊशे क्रमांक सलग दिसले पाहिजेत. ते दिसले नाहीत, तर बहुधा रांगेला फाइलचे नाव द्यायचे राहिलेले असते किंवा पुन्हा प्रयत्न करण्याची संख्या शून्यच असते. आम्ही ही चाचणी दर डिसेंबरात, हंगामातील पहिली गाडी भरण्यापूर्वी, घेतो.