हृदयविकार असलेल्या कुत्र्या-मांजरांना घरी औषधे देताना

कुत्र्याला किंवा मांजराला हृदयविकार असल्याचे निदान झाले की माणूस दवाखान्यातून तीन-चार प्रकारच्या गोळ्या घेऊन घरी येतो आणि पुढचे कित्येक महिने, कधी कधी काही वर्षे, त्या गोळ्या वेळच्या वेळी पोटात जातील हे पाहण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. औषध निवडणे आणि मात्रा ठरवणे हे पशुवैद्यांचे काम आहे. पण ठरवलेली मात्रा पुरते आहे की कमी पडते आहे, हे त्यांना मुख्यतः घरच्या निरीक्षणावरूनच कळते. म्हणून गोळ्यांच्या आधी श्वास मोजायला शिकावे.

प्राणी शांत झोपलेला असताना त्याच्या छातीकडे पाहावे. छाती एकदा वर येऊन खाली गेली की एक श्वास. ३० सेकंदांत असे किती श्वास होतात ते मोजून आकडा दुप्पट करावा. स्वप्नात पाय हलत असताना, मांजर घुरघुरत असताना किंवा खेळून आल्यावर लगेच मोजू नये. निरोगी प्राण्याचा, तसेच ज्याचा विकार औषधांनी आटोक्यात आहे अशा प्राण्याचा झोपेतला आकडा सहसा मिनिटाला ३० च्या आत असतो. तारीख, वेळ आणि आकडा एका वहीत लिहून ठेवावा. माझ्या म्हाताऱ्या कुत्रीचा आकडा १८ ते २२ च्या दरम्यान असे. एका रात्री तो ३४ भरला, अर्ध्या तासाने ३६. ती जेवली होती, हाक मारल्यावर शेपटीही हलवत होती. पण एक्स-रे काढला तेव्हा फुप्फुसांत पाणी साचू लागले होते. वहीत आधीचे आकडे नसते, तर ३४ ऐकून मी दुर्लक्ष केले असते.

फुप्फुसांतले हे पाणी काढून टाकण्यासाठी फ्युरोसेमाइड देतात. हृदय नीट रिकामे होईनासे झाले की मागे रक्त तुंबते आणि त्यातले पाणी फुप्फुसांत झिरपते. फ्युरोसेमाइड मूत्रपिंडांवाटे मीठ आणि पाणी बाहेर टाकून हा भार हलका करते. गोळी दिल्यावर साधारण तासाभरात लघवी वाढते, म्हणून रात्रीचा डोस झोपण्याच्या तोंडावर न देता, डॉक्टरांची हरकत नसेल तर, थोडा आधी द्यावा. प्राण्याला तहान जास्त लागते, आणि ती लागलीच पाहिजे. घरात लघवी होते म्हणून पाण्याचे भांडे उचलून ठेवणे ही फार घातक चूक आहे, कारण शरीरातले पाणी कमी पडले की मूत्रपिंडांवर ताण येतो. याच कारणासाठी उपचार सुरू झाल्यावर, आणि पुढेही ठरावीक काळाने, रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा घटक) व पोटॅशियम तपासावे लागते. उलट्या-जुलाब सुरू झाले किंवा खाणे-पिणे बंद झाले, तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करावा. फ्युरोसेमाइड पुरेनासे झाल्यावर काही रुग्णांना टोरसेमाइड देतात. ते मिलिग्रॅममागे कितीतरी पट तीव्र असते, त्यामुळे एकाच्या जागी दुसरे देताना जुन्या मात्रेचा आकडा कधीही वापरू नये.

कुत्र्यांसाठी सर्वांत महत्त्वाचे औषध म्हणजे पिमोबेंडन. ते हृदयाच्या स्नायूचे आकुंचन जोमदार करते आणि रक्तवाहिन्या सैल करते, त्यामुळे हृदयाला तेवढेच रक्त कमी श्रमात पुढे ढकलता येते. लहान जातींच्या उतारवयातल्या कुत्र्यांमध्ये डाव्या बाजूची मायट्रल झडप जाड होऊन गळू लागते. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलमध्ये हे विशेष दिसते. हृदय मोठे झाले आहे, पण धाप किंवा खोकला अजून नाही, अशा टप्प्यावर पिमोबेंडन सुरू केल्यास हृदय निकामी होण्याची वेळ सुमारे १५ महिन्यांनी लांबते, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एपिक या अभ्यासात दिसून आले. म्हणून ‘कुत्रा तर चांगला आहे, मग गोळी कशाला’ असे म्हणून ती टाळू नये. उलट, नुसती मरमर (ठोक्यांमधला फुसफुसता आवाज) ऐकू येते आणि हृदयाचा आकार वाढलेला नाही, अशा कुत्र्याला सहसा कोणतेच औषध लागत नाही. हा फरक एक्स-रे आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) पाहूनच ठरतो. डोबरमनसारख्या मोठ्या जातींत हृदयाचा स्नायूच पातळ आणि दुबळा होण्याचा विकार आढळतो, तिथेही हेच औषध वापरतात. ते दिवसातून दोनदा, साधारण १२ तासांच्या अंतराने आणि जेवणाच्या सुमारे तासभर आधी द्यावे, कारण भरल्या पोटी ते कमी शोषले जाते.

एनालाप्रिल किंवा बेनाझेप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन यांचा परिणाम डोळ्यांना लगेच दिसत नाही. हृदय थकले की शरीर मीठ व पाणी धरून ठेवण्याचे आणि रक्तवाहिन्या आवळण्याचे संदेश सोडू लागते. ही औषधे ते संदेश अडवतात. ‘हिचा काही उपयोग दिसत नाही’ म्हणून यांतली गोळी परस्पर बंद करणारे पुष्कळ भेटतात. तसे करू नये.

मांजराचे गणित वेगळे असते. मांजरांत बहुधा हृदयाचा स्नायू जाड होतो. मेन कून आणि रॅगडॉल या जातींत तो आनुवंशिक असल्याचे माहीत आहे. अशा हृदयाची अडचण दुबळेपणाची नसून ते नीट सैल न होण्याची असते, त्यामुळे कुत्र्याचे औषध शेजारच्या मांजराला चालेल असे समजू नये. हृदयाचा डावा वरचा कप्पा मोठा झाला की त्यात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो आणि ती टाळण्यासाठी क्लोपिडोग्रेल देतात. सहसा माणसांच्या ७५ मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव भाग, दिवसातून एकदा. हा पाव तुकडा इतका कडू असतो की जिभेला लागताच मांजराच्या तोंडातून फेसाळ लाळ गळू लागते, आणि दुसऱ्या दिवशी ते आपल्याला पाहूनच पलंगाखाली जाते. तुकडा रिकाम्या जिलेटिन कॅप्सूलमध्ये भरावा, कॅप्सूलला बाहेरून पूड लागली असेल तर पुसून घ्यावी, आणि गिळल्यावर सिरिंजने थोडे पाणी तोंडाच्या कडेने हळूहळू पाजावे, म्हणजे कॅप्सूल अन्ननलिकेत अडकून राहत नाही.

ठोक्यांची लय बिघडली असेल तर डिल्टियाझेम, डिगॉक्सिन, सोटालॉल, अटेनोलॉल यांपैकी काही दिले जाते. यांतल्या डिगॉक्सिनबद्दल सावध राहावे: उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत फार थोडे अंतर असते. भूक मंदावणे, उलट्या, जुलाब ही त्याची पहिली खूण, आणि ती दिसली तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांशी बोलावे. अटेनोलॉल मात्र एकदम बंद करणे धोक्याचे असते. ते उतरवायचे तर डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळू.

गोळ्या देण्यासाठी चीज किंवा खारवलेले मांस वापरू नये, कारण त्यातले मीठ फ्युरोसेमाइडच्या कामावर पाणी फिरवते. उकडलेल्या, बिनमिठाच्या कोंबडीचा लहान तुकडा पुरतो. पिमोबेंडन देताना मात्र तोही अगदी चिमूटभरच असावा. एखादा डोस चुकला तर आठवताच द्यावा, पण पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्यावा. दोन डोस एकत्र कधीही देऊ नयेत. उलटीत गोळी पडल्यासारखी वाटली तरी अंदाजाने दुसरी देऊ नये. घरात दोघे जण औषध देत असतील तर वहीत खूण करण्याची शिस्त पाळावी. आमच्याकडे एकदा सकाळची गोळी दोघांनी दिली होती, आणि ते संध्याकाळी बोलता बोलता कळले. संधिवातासाठी माणसांची वेदनाशामके तर मुळीच देऊ नयेत. हृदयाच्या या औषधांबरोबर ती मूत्रपिंडांना इजा करतात आणि पॅरासिटामोलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

झोपेतला आकडा दोन-तीनदा मोजूनही ३० च्या वर येत असेल तर त्याच दिवशी फोन करावा. मांजर तोंड उघडून श्वास घेत असेल, कुत्रा कोपरे बाहेर काढून मान ताणून उभा राहत असेल व आडवा होऊ शकत नसेल, हिरड्या निळसर किंवा पांढऱ्या दिसत असतील, किंवा मांजराचे मागचे पाय अचानक लुळे व गार पडून ते वेदनेने ओरडत असेल, तर सकाळची वाट न पाहता लगेच निघावे. वाटेत प्राण्याला जबरदस्तीने झोपवू नये, पाणी किंवा गोळी तोंडात कोंबू नये, आणि औषधांची सगळी पाकिटे व ती वही बरोबर न्यावी; शेवटची गोळी किती वाजता दिली हा डॉक्टरांच्या पहिल्या प्रश्नांपैकी एक असतो.