क्लायंट चिडला की श्वासाचा व्यायाम काढू नका: नव्या समुपदेशकांनो, या चुका टाळा

सुपरव्हिजनला, म्हणजे आपल्या केसेस अनुभवी समुपदेशकाला दाखवून शिकायला, येणाऱ्या नव्या समुपदेशकांच्या वहीत एक वाक्य हमखास सापडतं: ‘क्लायंट सहकार्य करत नाही.’ जरा खोदून विचारलं की कळतं, क्लायंट चिडला होता आणि तोही समोर बसलेल्या समुपदेशकावरच.

माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच, तो राग विझवायची घाई. एक प्रसंग सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. माझ्याकडे सुपरव्हिजनला येणाऱ्या एका मुलीने गणपतीत आठवडाभर सुट्टी घेतली आणि क्लायंटना आदल्या रात्री मेसेज टाकला. पुढच्या सेशनला पन्नाशीच्या एक बाई आल्या, बराच वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “तुमच्याकडे येऊन तसा काही फरक पडत नाही हो.” ही गडबडली. “असं कसं काकू, झोप सुधारलीय ना तुमची?” म्हणाली आणि डोळे मिटायला लावून श्वास मोजायला बसवलं. बाई त्यानंतर दोनदा आल्या, ‘छान वाटतं’ म्हणाल्या आणि यायच्या बंद झाल्या. वहीच्या पहिल्याच पानावर काय होतं? ‘वडील न सांगता महिनोन् महिने परगावी जात.’ महिनोन् महिने ज्या रागाबद्दल बोलायचं, तो आपल्या पायांनी चालत खोलीत आला होता आणि हिने त्याला दार दाखवलं.

अशा वेळी मी एवढंच म्हणते: “मी अचानक सुट्टी घेतली, त्याचा राग आला असेल. बोलूया त्यावर?” आणि मग तोंड बंद ठेवते. हे दुसरं नव्यांना फार जड जातं. वीकेंडच्या सर्टिफिकेट कोर्समध्ये तंत्रं ढीगभर शिकवतात, गप्प बसायला कुणी शिकवत नाही. फ्रॉइडचीही इथे चूक झालीच होती. ‘डोरा’ या नावाने ओळखली जाणारी तरुणी 31 डिसेंबर 1900 ला, जेमतेम 11 आठवड्यांत, उपचार सोडून गेली. 1905 मध्ये ती केस छापताना, आपल्याला ट्रान्सफरन्स (जुन्या नात्यांतल्या भावना थेरपिस्टवर येणं) वेळेत आवरता आला नाही, हे त्याने स्वतःच लिहिलं.

दुसरी चूक उलट्या टोकाची, कौतुकाने फुगणं. ‘मॅडम, तुम्ही देवासारख्या भेटलात’ हे वाक्य आपल्याकडे पटकन येतं. मानसोपचारतज्ज्ञ जसवंतसिंग नेकी यांनी 1973 साली गुरु-शिष्य नात्याकडे थेरपीचा एक नमुना म्हणून पाहिलं होतं. विचार खोल आहे, पण त्याच्या आडोशाने सल्ले वाटत सुटणारे मी पुष्कळ पाहिलेत. देवपण मिळालं की क्लायंट तुमच्यापासून अपयश लपवायला लागतो. गोळ्या सोडल्या, पुन्हा दारू घेतली, हे देवाला कोण सांगणार?

आपल्याला काय वाटतं, ते न तपासणं ही तिसरी. कंटाळा, चीड, कीव, कधी ओढही. ब्रिटिश मनोविश्लेषक विनिकॉट यांनी 1949 मध्येच छापून ठेवलंय की थेरपिस्टला रुग्णाचा द्वेषही वाटतो आणि तो त्याला स्वतःशी कबूल करता आला पाहिजे. माझी सवय अशी: सेशन संपलं की आधी मला काय वाटलं त्याच्या दोन ओळी, मग क्लायंटची माहिती. त्या दोन ओळी वेगळ्या वहीत, नाव न लिहिता.

बाकीच्या चुका झटपट. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर उत्तर देऊ नका, एकदा दिलंत की तीच वेळ ठरते. पेढे आले तर घ्या. पैशाचं पाकीट, दागिना परत करा. बाजारात क्लायंट दिसला तर आधी तुम्ही ओळख दाखवू नका. सज्ञान मुलाची आई फोन करून ‘काय बोलतो हो तो?’ विचारते, तेव्हा पाघळू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं गोपनीयतेबद्दलचं कलम 23 वाचून ठेवा.

आणि ‘कुणालाही काहीच सांगणार नाही’ असं सरसकट वचन कधीच देऊ नका. जीवाला धोका असेल तर घरच्यांना आणि मानसोपचारतज्ज्ञांना कळवावं लागतं. हे पहिल्याच सेशनला सांगा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर तिथेच लिहून द्या.