कोकणाच्या आकाशासाठी इन्सॅटची चित्रे कशी वाचावीत

मोबाइलवर उपग्रहाचे चित्र उघडून ‘ढग अजून घाटावरच आहेत’ असे ठामपणे सांगणारा माणूस आता कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक वाडीत सापडतो, आणि मीही त्यांतलाच एक आहे. चित्र मिळणे सोपे झाले. मात्र ते ज्या यंत्राने काढले त्या यंत्राचा दिवस कसा जातो, याकडे फारसे कोणाचे लक्ष नसते. भूस्थिर, म्हणजे पृथ्वीवरून कायम एकाच जागी दिसणाऱ्या, उपग्रहावरील इमेजर (चित्र घेणारे उपकरण) हा कॅमेऱ्यासारखा एका क्षणात छायाचित्र टिपत नाही. तो पृथ्वीचे बिंब ओळीओळीने झाडून घेतो, अधूनमधून स्वतःचे मोजमाप तपासतो आणि वर्षातले काही आठवडे मध्यरात्री पृथ्वीच्या सावलीत शिरतो. हे वेळापत्रक लक्षात घेऊन चित्र कसे वाचावे, हे पुढे दिले आहे. सोबत फक्त एक वही आणि जिल्ह्याचा साधा नकाशा असावा.

सुरुवात चित्रावरील नावापासून आणि वेळेपासून करावी. भारताच्या हवामान उपग्रहांपैकी इन्सॅट-थ्री-डी-आर ८ सप्टेंबर २०१६ रोजी प्रक्षेपित झाला व तो ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे. इन्सॅट-थ्री-डी-एस १७ फेब्रुवारी २०२४ रोजी गेला आणि त्याची जागा ८२ अंश पूर्व ही आहे. दोन्ही विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर राहतात आणि त्यांचे नियंत्रण कर्नाटकातील हासन येथून होते. चित्रे हवामान खात्याच्या संकेतस्थळावर पाहता येतात. मूळ आकडे हवे असल्यास अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राच्या मोसडॅक या संकेतस्थळावर नोंदणी करून फाइली उतरवाव्या लागतात. फाइलीच्या नावात उपग्रहाची खूण, तारीख आणि चार आकडी वेळ असते. ही वेळ जागतिक प्रमाणवेळ असल्याने तीत साडेपाच तास मिळवल्यावर आपली वेळ निघते. म्हणजे ०९१५ असे लिहिलेले चित्र दुपारी पावणेतीनचे.

एवढ्यावर थांबणारे बरेच जण आहेत, आणि खरी चूक तिथेच होते. नावातली वेळ ही स्कॅन सुरू होण्याची वेळ आहे. इमेजरचा आरसा पूर्व-पश्चिम झुलत एकेक पट्टी घेतो आणि पृथ्वीचे पूर्ण बिंब घ्यायला त्याला सुमारे २६ मिनिटे लागतात. स्कॅन उत्तरेकडून सुरू झाला असे धरल्यास १७ अंश उत्तर अक्षांशावरची रत्नागिरी चौकटीच्या साधारण पहिल्या तिसऱ्या हिश्शावर येते, म्हणजे आपल्यावरचे ढग सुरुवातीनंतर आठ-नऊ मिनिटांनी नोंदले जातात. त्यानंतर उरलेले बिंब पूर्ण होणे, आकडे जमिनीवर उतरणे, त्यांवर प्रक्रिया होणे आणि चित्र संकेतस्थळावर चढणे यात आणखी वेळ जातो. म्हणून वहीत दर वेळी तीन वेळा लिहाव्यात: चित्रावरची, आपल्या जागेच्या स्कॅनची आणि आपण चित्र पाहिल्याची. शेवटच्या दोघींतले अंतर हेच चित्राचे खरे वय होय.

ही सवय मला एका ऑक्टोबरात लागली. आमच्या शेजारच्या काकांचे हळवे भात कापून शेतातच पसरलेले होते आणि त्यांनी विचारले, “उडवी आताच रचू, की चहा घेऊन?” मी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी १०४५ चे चित्र पाहिले, त्यात गडगडाटी ढग आंबा घाटाच्या माथ्यावर, आमच्यापासून चाळीसेक किलोमीटर पूर्वेला दिसत होता. आधीच्या चित्रांवरून त्याची चाल तासाला तीस किलोमीटरची निघत होती. मी हिशेब केला आणि साडेसहापर्यंत सवड असल्याचे सांगितले. पण १०४५ म्हणजे सव्वाचार, आमच्या भागाचा स्कॅन चार चोवीसच्या सुमाराचा, आणि मी पाहत होतो तो ढग पाऊण तास जुना होता. तेवढ्यात तो वीसेक किलोमीटर पुढे आलेला होता. पावणेसहाला सरी कोसळल्या. काका काही बोलले नाहीत, फक्त पुढच्या वर्षी त्यांनी मला न विचारताच उडवी रचली.

वेळ नक्की झाल्यावर कोणता पट्टा, म्हणजे कोणत्या तरंगलांबीच्या किरणांचे चित्र, पाहायचा हे ठरवावे. या इमेजरला सहा पट्टे आहेत. दृश्य पट्टा ०.६५ मायक्रोमीटरच्या आसपासचा असून त्याचा एक ठिपका उपग्रहाच्या थेट खाली १ किलोमीटरचा असतो. तो दिवसाच उपयोगी. दुपारनंतर, विशेषतः उन्हाळ्यात, अरबी समुद्राचा मोठा भाग याच पट्ट्यात चकाकतो आणि नवख्या माणसाला तो पातळ ढग वाटतो. अशा वेळी तोच भाग अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांच्या, चित्रात पाहावा. तिथे समुद्र उबदार आणि काळा दिसला, तर ती केवळ पाण्यावरची झळाळी असते. मुख्य अवरक्त पट्टा १०.८ मायक्रोमीटरचा, त्याचा ठिपका ४ किलोमीटरचा आणि तो रात्रंदिवस चालतो. बाष्पाचा पट्टा ६.८ मायक्रोमीटरच्या आसपासचा असतो. त्याचा ठिपका ८ किलोमीटरचा असल्यामुळे गावाच्या पातळीवर त्यावरून काही ठरवू नये.

अवरक्त चित्रातला पांढरेपणा म्हणजे थंडपणा, पाऊस नव्हे. शून्याखाली ६० अंश सेल्सिअसपर्यंत किंवा त्याहून थंड माथा दिसला तर तो उंच चढलेला गडगडाटी ढग असण्याची शक्यता असते. पण त्याच ढगातून वाऱ्याने पसरलेली बर्फकणांची चादरही तितकीच पांढरी दिसते आणि तिच्याखाली कडक ऊन असू शकते. हा घोळ सोडवण्यासाठी १०.८ आणि १२ मायक्रोमीटर या दोन पट्ट्यांच्या तापमानांची वजाबाकी करावी. पातळ चादरीत हा फरक काही अंशांचा निघतो. घट्ट, जाड ढगात तो शून्याजवळ येतो. रात्रीचे धुके आणि खालचे ढग पाहायला ३.९ मायक्रोमीटरचा पट्टा व १०.८ चा पट्टा यांतला फरक कामाला येतो. आंब्याच्या मोहोराच्या दिवसांत मळभ कुठवर पसरले आहे हे पहाटे समजून घ्यायचे असेल, तर हीच जोडी पाहावी.

मूळ फाइल उघडणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उपकरण थेट तापमान मोजत नाही. ते ० ते १०२३ यांमधला एक आकडा नोंदवते. त्या आकड्याचे तापमान व्हावे म्हणून इमेजर ठरावीक अंतराने रिकाम्या अंतराळाकडे पाहतो, जिथून जवळपास काहीच उष्णता येत नाही, आणि उपग्रहावरच बसवलेल्या, तापमान माहीत असलेल्या कृष्णिकेकडेही (मोजमापाच्या काळ्या पृष्ठाकडेही) पाहतो. या दोन टोकांमध्ये बाकीचे सगळे मोजमाप बसवले जाते. फाइलीत आकड्यांचा तक्ता आणि त्याच्याशी जोडलेला तापमानाचा तक्ता असे दोन्ही दिलेले असतात. तापमान केल्व्हिनमध्ये असते, त्यातून २७३ वजा करून वाचावे. नुसत्या आकड्यांचे करडे चित्र काढून दोन दिवसांची तुलना करणे हा वेळेचा अपव्यय आहे.

पुढची पायरी जागेची. चित्रावर आखलेली किनाऱ्याची रेघ आणि प्रत्यक्ष किनारा जुळतो का, हे जानेवारी-फेब्रुवारीतल्या निरभ्र सकाळी दृश्य पट्ट्यात तपासून ठेवावे. दाभोळ आणि जयगडच्या खाड्यांची मुखे यासाठी सोयीची आहेत. रेघ एखाद्या ठिपक्याने सरकलेली दिसली तर घाबरण्याचे कारण नाही, पण ती सगळीकडे एकाच बाजूला बरीच सरकलेली असेल, तर त्या चित्रावरून ढगाची चाल काढू नये. उपग्रहाला जागेवर ठेवण्यासाठी अधूनमधून त्याचे छोटे इंजिन चालवावे लागते आणि अशा वेळेच्या आसपास चित्राची बसण बिघडू शकते.

किनारा जुळला तरी उंच ढग जुळत नाही, कारण उपग्रह आपल्याकडे तिरप्या नजरेने पाहतो. ८२ अंशांवरून रत्नागिरीकडे पाहणारी नजर उभ्या रेषेपासून सुमारे २२ अंश कललेली असते. त्यामुळे १५ किलोमीटर उंच ढगाचा माथा चित्रात त्याच्या खऱ्या जागेपासून साधारण ६ किलोमीटर उत्तर-वायव्येला दिसतो. ७४ अंशांवरच्या उपग्रहात हा पराशय (तिरप्या नजरेमुळे जागेत पडणारा फरक) थोडा कमी असून तो जवळपास सरळ उत्तरेकडे असतो. ज्या प्रदेशाची रुंदीच समुद्रापासून सह्याद्रीपर्यंत पन्नासेक किलोमीटरची आहे, तिथे ६ किलोमीटर म्हणजे दुसरे गाव होय. दोन उपग्रहांची चित्रे आलटूनपालटून पाहताना ढग मागे-पुढे उडी मारतो असे वाटले, तर त्याचा काही वाटा याच फरकाचा असतो. म्हणून चाल काढताना एकाच उपग्रहाची लागोपाठची चित्रे घ्यावीत.

आता पावसाळ्याबद्दल, कारण चित्र सर्वांत जास्त फसवते ते याच काळात. जून ते ऑगस्टमध्ये समुद्रावरून येणारी दमट हवा सह्याद्रीला धडकून वर चढते आणि जो पाऊस पडतो तो बऱ्याचदा बुटक्या ढगांतून पडतो. त्यांचे थेंब मुख्यतः खालच्या, उबदार थरात एकमेकांना भिडून मोठे होतात. माथा फार उंच जातच नाही. अवरक्त चित्रात असा ढग मध्यम करडा दिसतो. अवरक्त तापमानावरून पाऊस काढणाऱ्या पद्धती, ज्यांत हायड्रो-एस्टिमेटर व इम्सरा यांचा समावेश होतो, थंड माथ्याला जास्त पाऊस समजतात; त्यामुळे घाटमाथ्यावर त्यांचा अंदाज कमी पडण्याकडे झुकतो. आंबोलीसारख्या, वर्षाला सुमारे ७००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या गावी बसून करड्या चित्राकडे पाहिले की हे लगेच पटते. माझ्या मते पावसाळ्यात कोकणासाठी अवरक्त चित्राचा उपयोग समुद्रावरून येणारे मोठे ढगसमूह पाहण्यापुरताच ठेवावा. पावसाच्या मोजमापासाठी सूक्ष्मतरंगांची उपकरणे जास्त बरी, कारण ती ढगाच्या माथ्यावर न थांबता आतल्या पाण्याचा व बर्फाचा माग घेतात. भारत आणि फ्रान्स यांचा मेघा-ट्रॉपिक्स उपग्रह २०११ मध्ये अशाच कामासाठी गेला होता. त्याची कक्षा विषुववृत्ताशी २० अंश कललेली असल्याने सगळे कोकण तिच्या पट्ट्यात येत असे. मार्च २०२३ मध्ये तो पॅसिफिकवर नियंत्रित रीतीने उतरवून संपवण्यात आला. आता जीपीएम या उपग्रहांवरून जगभरचा पाऊस मोजणाऱ्या मोहिमेचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे आकडे घ्यावेत. ते काही तास उशिरा येतात, त्यामुळे ‘आता काय’ यासाठी नव्हे, तर ‘काल किती’ यासाठी वापरावेत. पर्जन्यमापकाशी ताळा करताना दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असा धरावा.

साउंडर या दुसऱ्या उपकरणाबद्दल थोडक्यात. त्याला १९ पट्टे असून तो हवेच्या उभ्या थरांतील तापमान आणि आर्द्रता देतो, पण ढग असल्यास त्याची नजर अडते. पावसाळ्यात त्यावर वेळ घालवू नये. नोव्हेंबर ते मे या काळात मुंबई आणि गोव्याहून सकाळ-संध्याकाळी साडेपाचच्या वेळेचे जे फुगे सोडले जातात, त्यांच्या नोंदींशी तो पडताळून पाहावा.

चक्रीवादळाच्या दिवसांत नेहमीचे वेळापत्रक पुरत नाही. अशा वेळी पूर्ण बिंबाऐवजी त्याचा लहानसा भाग पुन्हा पुन्हा स्कॅन करता येतो आणि चित्रे काही मिनिटांच्या अंतराने मिळतात. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्गसारख्या वादळात अर्ध्या तासाचे अंतर फार मोठे असते, म्हणून जलद स्कॅनची चित्रे उपलब्ध आहेत का, हे आधी पाहावे.

राहिली सावली. दोन्ही संपातांच्या (दिवस-रात्र समान असण्याच्या दिवसांच्या) आसपास, म्हणजे मार्चच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत आणि सप्टेंबरच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, भूस्थिर उपग्रह रोज रात्री पृथ्वीच्या सावलीतून जातो. ऐन संपाताला ही सावली सुमारे ७० मिनिटांची असते. ८२ अंश रेखांश आपल्या प्रमाणवेळेच्या रेषेला जवळजवळ लागून असल्याने तिथल्या उपग्रहाची सावली आपल्या घड्याळात बरोबर मध्यरात्री येते, तर ७४ अंशांवरच्या उपग्रहाची साडेबाराच्या पुढे-मागे. सावलीच्या आधी व नंतर सूर्य पृथ्वीच्या कडेवरून थेट उपकरणाच्या तोंडात डोकावतो आणि चित्रात खोटा उजेड शिरू शकतो, ३.९ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात तो चटकन लक्षात येतो. याच सुमारास, उष्णता फेकणारा शीतक सूर्यापासून आडोशाला राहावा म्हणून, वर्षातून दोनदा उपग्रहाला अर्धा फेरा देऊन फिरवले जाते.

भातकापणीचे दिवस नेमके याच काळात येतात. त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरात रात्री साडेअकरा ते दीडच्या दरम्यान एखादे चित्र गाळलेले किंवा विचित्र उजळलेले दिसल्यास त्यावरून काही ठरवू नये. रात्री अकराचे चित्र आणि दोनचे चित्र यांत ढग कुठून कुठे गेला ते पाहावे, आणि मधल्या वेळेसाठी उत्तर कोकणात मुंबईचे, तर दक्षिण कोकणात गोव्याचे डॉप्लर रडार उघडावे.