६ मिमीहून बारीक रक्तवाहिनी प्रयोगशाळेत कशी विणावी

डेक्रॉनची (पॉलिएस्टर कापडाची) नळी महाधमनीत वर्षानुवर्षे चालते. व्यास ६ मिमीच्या खाली गेला की तीच गुठळीने बंद पडू लागते. अशा बारीक वाहिन्या पेशींकडूनच विणून घ्यायची ही पद्धत संशोधक लॉरा निकलसन यांच्या गटाने १९९९ मध्ये डुकरांत वापरून दाखवली.

पॉलिग्लायकोलिक आम्लाची १ मिमी जाड जाळी १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये एकच मिनिट बुडवा, लगेच निर्जंतुक पाण्याने धुवा. धागे पाणी धरतात, पेशी चिकटतात. जास्त वेळ ठेवलीत तर जाळी कमजोर होते. मग ती सिलिकॉनच्या लवचीक नळीभोवती गुंडाळून शिवा.

धमनीतल्या अनैच्छिक स्नायूपेशी मिलिलिटरला ५० लाख या प्रमाणात जाळीवर सोडा. अर्धा तास पोषक द्रव ओतू नका आणि नळी हळूहळू फिरवत राहा, नाहीतर पेशी तळाशी साचतात आणि वरची बाजू विरळ राहते.

आता आतल्या सिलिकॉन नळीत मिनिटाला १६५ ठोके द्या, प्रत्येक ठोक्याला ५ टक्के फुगवटा. हा वेग गर्भातल्या बाळाच्या नाडीजवळचा आहे. हे आठ आठवडे चालतं. तोवर जाळी विरत जाते, म्हणून ती विरण्याआधी कोलॅजनने, म्हणजे पेशींनी विणलेल्या प्रथिनाच्या धाग्यांनी, भार पेलायला हवा. इथेच बहुतेकांचं बिनसतं आणि दोष बऱ्याचदा क जीवनसत्त्वाचा असतो. ते मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम लागतं, पण ३७ अंशांवर काही तासांतच निकामी होऊ लागतं. सोमवारी घातलेल्यावर गुरुवारपर्यंत भागत नाही, ताजं घालत राहा. ते नसलं की कोलॅजनचा तिपेडी पीळ टिकत नाही. स्कर्व्हीत हिरड्यांतून रक्त येतं तेही याच कारणाने. धाग्यांना आपसांत बांधणाऱ्या विकराला तांबं लागतं, म्हणून कॉपर सल्फेट विसरू नका.

कुणाच्याही शरीरात चालावी म्हणून शेवटी पेशी धुऊन काढा: आधी ८ मिलिमोलर चॅप्स, मग १.८ मिलिमोलर एसडीएस (दोन्ही साबणासारखी द्रव्यं), दोन्हींत १ मोलर मीठ आणि २५ मिलिमोलर ईडीटीए (कॅल्शियमसारखे धातू पकडून ठेवणारं रसायन). कोरड्या ऊतीच्या मिलिग्रॅममागे डीएनए ५० नॅनोग्रॅमच्या खाली यायला हवा. उरलेलं एसडीएस नव्याने येणाऱ्या पेशी मारतं. शेवटचं पाणी परीक्षानळीत हलवून पाहा; फेस आला तर अजून धुवा. खूण ढोबळ आहे, पण फुकट आहे.

एक तुकडा फुटेपर्यंत दाब देऊन तपासा. तुलनेला पायातली शीर घ्या. ती साधारण १,६०० ते १,७०० मिमी पाऱ्यापर्यंत टिकते.