सर्व्हेतले रिकामे रकाने: माझ्या प्रबंधाचा अनुभव

एमएच्या प्रबंधासाठी मी जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना गुगल फॉर्म पाठवला होता. विषय, अशैक्षणिक कामांचा ताण. उत्तरं शीटमध्ये उतरली तेव्हा मधले रकाने नुसती चाळण! मग नवखे करतात तेच मी केलं, सरसकट सगळ्या प्रश्नांना सक्तीचा लाल तारा लावून टाकला. रिकामे रकाने गेले, पण उत्तरंही आटली. गुगल फॉर्ममध्ये ‘सबमिट’ दाबेपर्यंत आपल्याकडे काहीच पोचत नाही. कोण कुठल्या प्रश्नाला वैतागून निघून गेलं, याचा पत्ताच लागत नाही. जे टिकले त्यांनी लेखी उत्तराच्या जागी एक टिंब देऊन सुटका करून घेतली.

शेवटी ओळखीच्या एका बाईंशेजारी मधल्या सुट्टीत जाऊन बसले. फॉर्म त्यांच्याच मोबाइलवर उघडायला सांगितला आणि स्वतः गप्प राहिले (हे फार जड जातं). लॅपटॉपवर झकास दिसणारं माझं पाच पर्यायांचं कोष्टक त्यांच्या स्क्रीनवर अर्धं कापलं गेलं होतं. बाजूला सरकवायचं असतं हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. दोन ओळी भरल्या आणि अंगठा खाली निघून गेला.

पुढे, ‘मुख्याध्यापक व केंद्रप्रमुख सहकार्य करतात का?’ बाई थांबल्या. “एक करतात, एक नाही. काय लिहू, ताई?”

‘सहकाऱ्यांत कामाची वाटणी कशी होते?’ हा प्रश्न तर मी एकशिक्षकी शाळांनाही विचारला होता!

पण खरी मेख पहिल्याच प्रश्नात होती. तिथे मी शाळेचं नाव मागितलं होतं. नाव दिल्यावर वरिष्ठांबद्दल खरं कोण लिहील? ते काढून फक्त जिल्हा ठेवला, ईमेल गोळा करणंही बंद केलं. कोष्टक मोडून सुटे प्रश्न केले, जोडप्रश्न फोडला, एकशिक्षकीवाल्यांना थेट पुढच्या विभागात पाठवलं. तारा फक्त ‘सर्व्हेत भाग घ्यायला तयार आहात का?’ या संमतीच्या प्रश्नाला. हे सगळं नव्या फॉर्ममध्ये करा, नाहीतर जुनी-नवी उत्तरं एकाच शीटमध्ये कालवली जातात.

नवा फॉर्म बराच भरून आला. ‘कामाबद्दल कधी लेखी तक्रार केलीत का?’ हा प्रश्न मात्र तरीही अनेकांनी सोडला. ‘सांगायचं नाही’ असा पर्याय तिथे द्यायला हवा होता. तो राहिला. मग किती जणांनी प्रश्न सोडला तो आकडाच प्रबंधात दिला. तोंडी परीक्षेत सरांनी सगळ्यात जास्त विचारलं ते त्याबद्दलच.