आधी इंजिन, मग डिकी: सीमाभागातल्या रस्त्यांसाठी छोटी, पळणारी गाडी कशी निवडावी

हॅचबॅक की सेडान, टर्बो (इंजिनात हवा दाबून घालणारा पंप लावलेलं) की साधं पेट्रोल, हा वाद बेळगावात बहुतेक वेळा चुकीच्या टोकाने सुरू होतो. आधी आकार ठरतो आणि मग त्या आकारात मिळेल ते इंजिन पदरात पडतं. आपल्याकडे हे उलटं करायला हवं. एका बाजूला चोर्ला, आंबोली, तिलारी हे घाट, दुसऱ्या बाजूला पुणे-बेंगळुरू महामार्ग आणि मध्ये निपाणी, चिक्कोडी, रायबागचे उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेले रस्ते. या तिन्ही ठिकाणी गाडीचा कस लागतो तो ४० ते ८० किलोमीटरच्या वेगात. शून्यापासून शंभरचा वेग गाठायला लागणाऱ्या सेकंदांचा आकडा इथे फारसा उपयोगी पडत नाही.

कागदावरचा पीएस आणि रस्त्यावरचा पीएस

माहितीपत्रकात पीएसमध्ये (हॉर्सपॉवरसारखं ताकदीचं एकक) छापलेली ताकद ही इंजिनाच्या एकाच आरपीएमवरची (मिनिटाला फेरे) असते. मधल्या आरपीएमवर किती ताकद मिळते ते स्वतः काढता येतं: टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर, न्यूटन मीटरमध्ये) गुणिले आरपीएम भागिले ७०२३, उत्तर पीएसमध्ये.

होंडा सिटीचं १.५ लिटर साधं पेट्रोल इंजिन १२१ पीएस देतं, पण ६६०० आरपीएमला. त्याचा सर्वाधिक टॉर्क १४५, तोही ४३०० आरपीएमला. स्कोडा स्लाव्हिया किंवा फोक्सवॅगन व्हर्टसचं १ लिटर टीएसआय (त्यांचं टर्बो पेट्रोल इंजिन) कागदावर ११५ पीएसच, म्हणजे कमी. पण त्याचा १७८ न्यूटन मीटर टॉर्क १७५० आरपीएमपासूनच मिळायला लागतो. आता २००० आरपीएमचा हिशोब करा. टीएसआय देतं ५१ पीएस. सिटीला तिचा सगळा १४५ टॉर्क तिथेच मिळतो असं धरलं तरी ४१, आणि प्रत्यक्षात तो तिथे तेवढा नसतोच. ४००० आरपीएमला हेच आकडे १०१ आणि जास्तीत जास्त ८३. सिटी पुढे जाते ती अगदी वरच्या आरपीएमला. ज्याला गियर खाली टाकून इंजिन ओरडवत चालवायला आवडतं त्याच्यासाठी ते इंजिन आजही गोड आहे. पण मागे आई-वडील बसलेले असताना घाटात ६००० आरपीएमवर कोण नेणार?

उंचीचाही फरक पडतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे. इथली हवा पणजीपेक्षा साधारण सात टक्के विरळ, त्यामुळे साध्या पेट्रोल इंजिनाची ताकदही जवळपास तेवढीच कमी होते. टर्बो ती हवा दाबून आत घालतो, म्हणून त्याचं नुकसान फार कमी. एकच गाडी गोव्यात हलकी आणि घरी आल्यावर जड वाटते, त्यामागचं एक कारण हेच.

टर्बोचा दोष मात्र झाकू नये. एक लिटरचं तीन सिलिंडर इंजिन १५००-१७०० आरपीएमच्या खाली अक्षरशः झोपलेलं असतं. वळणावर दुसऱ्या गियरऐवजी तिसऱ्यात राहिलात तर पाय दाबूनही एक-दोन सेकंद काही होत नाही, आणि मग एकदम जोर येतो. यावर उपाय एकच: वळणात शिरण्याआधी गियर खाली टाकणे आणि बाहेर पडताना आरपीएम २००० च्या वर ठेवणे.

डिझेलला टॉर्क भरपूर. नेक्सॉनचं १.५ लिटर डिझेल २६० न्यूटन मीटर देतं. पण रोजचा फेरा शहापूर ते टिळकवाडी एवढाच असेल तर बीएस-६ डिझेल घेऊच नका. त्यातल्या डीपीएफमध्ये (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारी जाळी) काजळी साठते, आणि ती जाळायला एक्झॉस्ट बराच वेळ तापलेला लागतो. पाच किलोमीटरमध्ये तो तापतच नाही. डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला की महामार्गावर १५-२० मिनिटं एकसारख्या वेगाने चालवावी. तो दिवा दुर्लक्षिला तर काम वर्कशॉपवर जातं. महिन्यात तीन-चार वेळा पुणे किंवा हुबळी होत असेल तर डिझेलचा विचार जरूर करा.

मग आकार

जीएसटीची रेघ आधी लक्षात घ्या, कारण ती इंजिनही ठरवते. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांना १८ टक्के जीएसटी आहे. त्या पलीकडच्यांना ४०. ह्युंदाई आय-२० एन लाइन (१ लिटर टर्बो, १२० पीएस, १७२ न्यूटन मीटर), स्कोडा कायलॅक आणि महिंद्रा एक्सयूव्ही थ्री एक्स ओ या रेषेच्या आत बसतात. व्हर्टस, स्लाव्हिया (१.५ टीएसआय, १५० पीएस, २५० न्यूटन मीटर) आणि व्हर्ना (१.५ टर्बो, १६० पीएस, २५३ न्यूटन मीटर) बाहेर.

आता वजन. आरसी कार्डावर गाडीचं रिकामं वजन छापलेलं असतं, ते घ्या आणि त्यात तुमच्या नेहमीच्या माणसांचं आणि सामानाचं वजन मिळवा. १०५० किलोची १२० पीएसची हॅचबॅक रिकामी असताना टनाला ११४ पीएस देते. १२७० किलोची १५० पीएसची सेडान ११८. जवळपास बरोबरी. दोन्हींत ३५० किलो भरले की हॅचबॅक ८६ वर येते, सेडान ९३ वर राहते. हलक्या गाडीला भार जास्त जाणवतो. एकट्या-दुकट्याने चालवणाऱ्याला हॅचबॅक पुरेपूर आनंद देते. गणपतीला पाचजण भरून सावंतवाडीला जायचं तर मोठं इंजिन हवं.

हॅचबॅकचा खरा फायदा चोर्ल्यात दिसतो. मागचं लटकतं टोक आखूड, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, कमी (आय-२० चा २५८० मिलिमीटर, व्हर्टसचा २६५१), त्यामुळे लागोपाठच्या वळणांत ती पटकन दिशा बदलते. सेडान महामार्गावर जास्त स्थिर आणि मागे हवा नीट सुटत असल्याने शांत. शिवाय ५०० लिटरहून मोठी डिकी. खेड्यातल्या उंच गतिरोधकांवर मात्र भरलेल्या सेडानचं पोट आणि मागचा बंपर आधी घासतो. आणखी एक बारीक गोष्ट: हॅचबॅकच्या मागच्या काचेजवळ हवेचा भोवरा होतो आणि पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबी रस्त्यावरची तांबडी माती थेट काचेवर येऊन बसते. मागचा वायपर नसलेलं व्हेरिएंट इथे घेऊ नये.

कायलॅकमध्ये स्लाव्हियाचंच १ लिटर इंजिन आहे, पण गाडी सुमारे ११ सेंटिमीटर उंच. वळणात तिचा कल जास्त आणि महामार्गावर तिला वारा जास्त अडवतो. शेतापर्यंत कच्चा रस्ता असेल तर ती घ्या. केवळ उंच बसायला मिळतं म्हणून चालवण्याची मजा सोडू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

गियरबॉक्स

मॅन्युअल सगळ्यांत सुटसुटीत. ऑटोमॅटिक हवी असेल तर टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा) आणि ड्राय क्लच डीसीटी (दोन कोरडे क्लच आपोआप बदलणारी) यांतला फरक समजून घ्या. डीसीटी पळताना सुंदर, पण संकेश्वरच्या बाजूला गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरमागे चढावर रांगताना तिचा क्लच अर्धवट लागलेला राहतो आणि तापतो. इंच-इंच सरकू नका. पुढे दोन गाड्यांएवढी जागा होऊ द्या, मग ब्रेक पूर्ण सोडून एकदाच पुढे जा. चढावर अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबून गाडी तोलून धरणं ही क्लच मारायची सर्वांत सोपी रीत. रोज असल्याच रस्त्यावर असाल तर टॉर्क कन्व्हर्टर घ्या.

टेस्ट ड्राइव्ह सपाट रस्त्यावर नको

शोरूमवाले गावातच एक गोल फेरी देतात. काकतीच्या पुढे वंटमुरी घाटाचा चढ मागून घ्या. गाडीत किमान तीनजण, एसी चालू. तिसऱ्या गियरमध्ये ४० वर स्थिर करा, रस्ता मोकळा असेल तेव्हा पाय पूर्ण दाबा आणि शेजारच्याला ८० पर्यंतचे सेकंद फोनवर मोजू द्या. ऑटोमॅटिकला डी मध्ये ठेवूनच मोजा, म्हणजे तिला गियर खाली टाकायला लागणारा वेळही धरला जातो. दुसरी गाडी त्याच चढावर, तेवढ्याच माणसांनिशी मोजावी. ६० च्या वेगाला एक सेकंद म्हणजे १७ मीटर. म्हणून अर्ध्या सेकंदाचा फरकही गांभीर्याने घ्या. परत येताना उतारावर दुसऱ्या गियरमध्ये इंजिन किती अडवतं ते पाहा.

पहिला खर्च टायर आणि ब्रेकवर

रिमॅप (इंजिनाच्या संगणकातले आकडे बदलून ताकद वाढवणे), एक्झॉस्ट, स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणे, यातलं काहीही टायरच्या आधी करू नका. १८५/६० आर१५ (रुंदी १८५ मिलिमीटर, उंची तिच्या ६० टक्के, रिम १५ इंची) टायरच्या जागी १९५/६० आर१५ बसवला तर व्यास ६०३ वरून ६१५ मिलिमीटर होतो, फक्त दोन टक्के वाढ. पकड वाढते आणि खड्ड्यांसाठी साइडवॉलही (टायरची बाजूची भिंत) उंच राहते. १६ इंची रिम आणि चपटे टायर दिसायला छान, पण खानापूर तालुक्यातल्या पावसाळी खड्ड्यांत रिम वाकतो आणि साइडवॉलला फुगा येतो. व्यासातला फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवा, नाहीतर स्पीडोमीटर आणि एबीएसचा (ब्रेक दाबताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) हिशोब चुकतो.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) किमान २३० अंशाला उकळतं. हवेतलं पाणी शोषल्यावर तो आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. आंबोली उतरताना पेडल मऊ लागायला लागलं तर ते तेल उकळू लागल्याचं लक्षण असू शकतं. अशा वेळी गियर खाली टाका, सुरक्षित जागी थांबा आणि ब्रेक थंड होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी मात्र ओतू नये, ती वाकते. घाट चढून आल्यावर टर्बो इंजिन लगेच बंद न करता अर्धा-एक मिनिट चालू ठेवा.

जुनी घेताना

आपल्याकडे चांगल्या जुन्या गाड्या कोल्हापूर, पुणे, गोव्याहून येतात. पोलो जीटी टीएसआय २०१३ ते २०२२ मध्ये मिळत होती. सुरुवातीच्या १.२ लिटरला सात गियरची ड्राय क्लच डीएसजी (फोक्सवॅगनची डीसीटी) आहे. ती घेताना पहिला-दुसरा गियर बदलताना धक्का बसतो का ते गाडी गरम झाल्यावर तपासा, कारण मेकॅट्रॉनिक युनिटचं (गियर आणि क्लच चालवणारा भाग) काम महाग पडतं. २०२० नंतरच्या १ लिटरला सहा गियरची मॅन्युअल किंवा टॉर्क कन्व्हर्टर मिळते, आणि आमची पसंती तिला. कुठल्याही मॅन्युअल टर्बोची चौथ्या गियरमध्ये ५० वर पाय पूर्ण दाबून परीक्षा घ्या: आरपीएम चढला आणि वेग चढला नाही तर क्लच संपलाय, आणि गाडी रिमॅप केलेलीही असू शकते.

एमएच-०९ (कोल्हापूर) नंबरची गाडी घेऊन निपाणीत किंवा बेळगावात कायमची ठेवणार असाल तर बारा महिन्यांच्या पुढे कर्नाटकाचा नंबर घ्यावा लागतो. मूळ आरटीओकडून फॉर्म २८ वर एनओसी (ना हरकत दाखला), कर्ज असेल तर बँकेचं पत्र, नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, आणि इथल्या आरटीओत फॉर्म २७. कर्नाटकाचा आजीवन कर गाडीच्या वयानुसार भरावा लागतो. महाराष्ट्रातल्या उरलेल्या कराचा परतावा तिथे वेगळा अर्ज करून मागायचा. हा कर किती बसतो ते सौदा ठरायच्या आधी आरटीओत विचारा आणि किंमत त्यानुसार पाडून घ्या. एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.