नोंद अडली होती आडनावाशी

आठवीच्या मुली शाळेच्या ग्रंथालयातल्या संगणकावर मराठी विश्वकोशात ‘महात्मा ज्योतिबा फुले’ शोधत होत्या. अर्धा तास गेला तरी हवी ती नोंद काही हाती लागेना. शेवटी मी कपाटातला छापील खंड काढून त्यांच्यापुढे उघडला. नोंदीचं शीर्षक होतं ‘फुले, जोतीराव गोविंदराव’. आडनाव आधी, पदवी नाही, आणि ‘ज्यो’ नव्हे, ‘जो’! तसंच टाइप केलं, नोंद समोर. ‘आंबेडकर, भीमराव रामजी’ तर त्यांनी स्वतःच काढली.

तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईला उभं केलेलं हे धन मुलांच्या हाती लागायलाच हवं. आता संगणकाशेजारी कागद चिकटवलाय: आधी आडनाव, मग नाव, नाहीच मिळालं तर ऱ्हस्व-दीर्घ बदलून बघा.